पोटाची शस्त्रक्रिया आणि घरचा आग्रह

आपल्या घरांत प्रेम हें बहुधा वाढपाच्या पळीनें मोजलें जातें. पंगतींत बसलेल्या माणसानें ताटावर हात आडवा धरला म्हणजे वाढणाऱ्यानें तो बाजूस सारावा, आणखी एक पुरणपोळी वाढावी, वर तुपाची धार धरावी आणि "एवढ्यानें काय होतें?" असें म्हणावें, ही आपली रीत आहे. आम्ही राहतों त्या नागपुरांत तर हा आग्रह अधिकच सढळ. वडाभात, गोळाभात, सांबारवडी यांच्या जोडीस संत्र्याची बर्फी आल्यावांचून पाहुणचार पुरा झाला असें कोणी मानीत नाहीं. ही रीत आम्हांस नापसंत आहे असें मुळींच नाहीं. परंतु मनुष्याच्या आयुष्यांत असेही थोडे दिवस येतात कीं, हाच आग्रह त्याच्या जिवावर बेतूं शकतो. वजन घटविण्यासाठीं पोटावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस हे त्यांपैकींच होत. त्या दिवसांत शरीरांत काय चाललेलें असतें, काय करावें, काय टाळावें, आणि घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं आपल्या मायेस कोणतें वळण द्यावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आतां दूरचा राहिलेला नाहीं. आमच्या नागपूरचेच श्री. नितीन गडकरी यांनीं २०११ सालीं, भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असतांना, मुंबईस डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्याकडून ही शस्त्रक्रिया करून घेतली व ती गोष्ट वृत्तपत्रांतून सर्वांस कळली. अशी शस्त्रक्रिया म्हणजे धनिकांचा किंवा नटनट्यांचा शोक, अशी ज्यांची समजूत होती, त्यांस आपल्याच शहरांतला, आपल्यासारखाच चवीनें जेवणारा गृहस्थ ती करून घेतो हें पाहून विचार करणें भाग पडलें. आज धंतोली-रामदासपेठ भागांतील रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते, आणि मुंबई-पुण्यास जाऊन ती करवून घेतलेलीं माणसें ओळखीच्या घरांतून भेटतात. तरीही तिच्याविषयीं बोलतांना आवाज खालीं येतो. शेजाऱ्यांस "हर्निया होता" म्हणून सांगितलें जातें. कधीं कधीं घरांतल्याच आजीस वा आत्याबाईंस खरें काय तें ठाऊक नसतें. आमच्या मतें खरा धोका येथूनच सुरू होतो. कारण ज्यांस खरें कारण माहीत नाहीं, तीं माणसें रुग्णाच्या हातीं काय देतील याचा नेम नाहीं.

शस्त्रक्रियेचें स्वरूप

पोटावरची चरबी कापून काढणें म्हणजेच ही शस्त्रक्रिया, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. ही शस्त्रक्रिया चरबीवर नसून जठरावर, आणि कांहीं प्रकारांत आंतड्यावरही असते. हल्लीं तिचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. पहिल्या प्रकारांत जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारें तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग कापून काढितात व उरलेल्या जठराची सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी होते. पूर्वीं ज्यांत लिटर-दीड लिटर अन्न मावत असे, त्यांत आतां शंभर ते दीडशें मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका पेल्याइतकेंच मावतें. दुसऱ्या प्रकारांत जठराच्या वरच्या टोंकास लहानशी पिशवी वेगळी करून ती आंतड्याच्या पुढच्या भागास जोडितात. सेझार रू या स्विस शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखली जाणारी, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची आंतड्यांची जोडणी यांत वापरतात. जठरास असा वळसा घालण्याची शस्त्रक्रिया वजन घटविण्यासाठीं प्रथम अमेरिकेंतील आयोवा येथें एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं केली. त्या काळीं पोट मोठें उघडावें लागे. १९९४ पासून ती दुर्बिणीच्या साहाय्यानें, चारपांच बारीक छिद्रांतून होऊं लागली. म्हणून बाहेरून पाहणाऱ्यास रुग्णाच्या पोटावर चारपांच लहान पट्ट्यांखेरीज कांहीं दिसत नाहीं, आणि "झालें काय एवढें?" असें त्यास वाटतें. आंत मात्र जठर लांबवर कापून धातूच्या सूक्ष्म टांक्यांनीं शिवलेलें असतें. तें शिवण भरून येईपर्यंत तीवर ताण पडूं न देणें, हेंच पहिल्या दिवसांतील सर्व पथ्याचें मर्म होय.

"खाणें आवरत नाहीं म्हणून पोट कापून घेतलें" असा शेरा अशा माणसांवर मारला जातो. या शेऱ्यास आपल्या जुन्या ग्रंथांचाही आधार नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अष्टौनिन्दितीय नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत अतिस्थूल मनुष्यास होणारे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, हालचालींतील मंदपणा, दुर्बलता, घामाचा त्रास यांबरोबर अतिशय भूक आणि अतिशय तहान यांचीही गणना तेथें केली आहे. अर्थात् भूक अनावर होणें हें त्या आचार्यांच्या मतें व्याधीचेंच लक्षण होय. त्याची गांठ केवळ हावरेपणाशीं घालणें त्यांस मान्य नाहीं. नवें शास्त्र निराळ्या वाटेनें याच ठिकाणीं येऊन पोंचलें आहे. १९९९ सालीं जपानमधील कोजिमा व कांगावा या संशोधकांनीं जठरांतून रक्तांत स्रवणारें, भूक चेतविणारें 'घ्रेलिन' नांवाचें द्रव्य शोधून काढिलें. जठराच्या ज्या भागांत तें अधिक तयार होतें, तोच भाग पहिल्या प्रकारच्या शस्त्रक्रियेंत बहुतांशीं निघून जातो. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ रुग्णांस भूक अशी लागतच नाहीं, त्याचें एक कारण हें आहे. आणि जें दुखणें केवळ मनोनिग्रहानें बरें होत नाहीं, त्यावर शस्त्रवैद्याकडे जाणाऱ्यास भेकड म्हणणें हा अन्याय आहे.

ही शस्त्रक्रिया कोणींही हौसेखातर करून घ्यावी अशी मात्र नव्हे. उंचीच्या मानानें वजन अतोनात वाढलेलें, त्याबरोबर मधुमेह, रक्तदाब, झोंपेंत श्वास अडकणें असे विकार, आणि इतर उपाय करून थकल्याचा अनुभव, हें सारें पाहून वैद्य ती सुचवितात. तिचा लाभही मोठा आहे. स्वीडन देशांत १९८७ सालीं आरंभिलेल्या एका दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्थूल रुग्णांत मृत्यूचें प्रमाण, ती न करून घेतलेल्या तशाच रुग्णांपेक्षां कमी आढळलें. परंतु हा लाभ पदरांत पडण्यासाठीं पहिले दिवस सुखरूप पार पडावे लागतात.

रुग्णालयांतील पहिले दोन दिवस

गुंगी उतरतांच रुग्णास मळमळतें, घसा कोरडा पडतो, पोटांत ओढल्यासारखें होतें. पोटापेक्षां खांदा अधिक दुखतो अशी तक्रार तो करील, तर नातेवाइकांनीं घाबरूं नये. दुर्बिणीस जागा व्हावी म्हणून पोटांत कर्बवायु भरितात. त्यांतला थोडा मागें राहतो, श्वासपटलास डिंवचतो आणि तें दुखणें खांद्यांत जाणवतें. एकदोन दिवसांत तें कमी होतें.

आपल्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या माणसानें निपचित पडून राहावें अशी समजूत आहे. येथें नेमकें उलट आहे. त्याच दिवशीं, शस्त्रक्रियेनंतर कांहीं तासांतच, परिचारिका रुग्णास उठवून चार पावलें चालावयास लावते. स्थूल मनुष्य निश्चल पडला असतां पायांच्या शिरांत रक्ताच्या गांठी होण्याची भीति असते, आणि तशी गांठ सुटून फुप्फुसांत गेली तर क्षणांत प्राणावर बेततें. म्हणून चालणें हें औषधच समजावें. तसेंच, तीन रंगीत गोळ्यांचें एक लहानसें यंत्र रुग्णाच्या हातीं देतात. त्याच्या नळीनें श्वास आंत ओढून त्या गोळ्या वर उचलावयाच्या असतात. पोट दुखतें म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, त्यामुळें फुप्फुसाचा तळ मिटून तेथें ताप धरतो. तो टाळण्यासाठीं ही योजना आहे. "झोंपूं द्या हो बिचाऱ्याला" म्हणून परिचारिकेशीं वाद घालणाऱ्या मावशीबाई आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांची माया खरी, पण अशा वेळीं बिचाऱ्यास उठविण्यांतच माया आहे.

एकदोन दिवस, फार तर तीन दिवस गेल्यावर रुग्ण घरीं येतो. येथवरचें काम शस्त्रवैद्याचें. येथून पुढचें काम घराचें.

घोटाघोटाचें गणित

घरीं आल्यावर पहिला प्रश्न अन्नाचा नसून पाण्याचा असतो. रुग्णास दिवसांत दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ पोटांत जावयास हवे, आणि एका वेळीं तर दोन मोठ्या चमच्यांपेक्षां, म्हणजे ३० मिलिलिटरांपेक्षां अधिक मावत नाहीं. आम्ही जन्मभर शाळामास्तर. म्हणून हें गणित मांडूनच दाखवितों. दर पंधरा मिनिटांस ३० मिलिलिटर म्हणजे तासास १२०. रुग्ण दिवसांतून चौदा तास जागा असतो असें धरलें तर १२० गुणिलें १४, म्हणजे १६८० मिलिलिटर झालें. दीड लिटराची मर्यादा ओलांडली, पण एक तास जरी विसर पडला तरी तेवढी तूट आली. कारण पुढच्या तासास दुप्पट पिऊन ती भरून काढतां येत नाहीं. घटाघटा प्यायल्यास पोटांत कळ येते व उलटी होते. म्हणून हें पिणें संध्येंतील आचमनासारखें असावें : थोडें, शांतपणें आणि वेळच्या वेळीं. औषधाच्या बाटलीबरोबर येणारें खुणांचें लहान झांकण मापास उत्तम. नळीनें ओढून पिऊं नये, पोटांत हवा जाते. सोड्याचीं फसफसणारीं पेयें तर मुळींच नकोत.

नागपुरास हें सर्व अधिकच जपलें पाहिजे. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि धडधाकट माणसासही पाणी पुरत नाहीं. ज्यास तहान लागली तरी गडूभर पाणी पितां येत नाहीं, त्याची गत उन्हाळ्यांत कठीण होते. तोंड सुकणें, उभें राहतांच भोंवळ येणें, लघवी कमी व गडद होणें हीं पाणी कमी पडल्याचीं चिन्हें होत. वैद्य संमति देत असतील व तांतडी नसेल, तर अशी शस्त्रक्रिया थंडीच्या दिवसांत करवून घेणें आमच्या शहरांत अधिक सोयीचें पडेल.

स्वयंपाकघरांतील पायऱ्या

अन्नाच्या पायऱ्या रुग्णालयागणिक थोड्याफार बदलतात, परंतु त्यांचा सामान्य क्रम असा : पहिले एकदोन दिवस पारदर्शक द्रव, नंतर सुमारें दोन आठवडे सर्व प्रकारचे पातळ, गुठळीविरहित द्रव, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत वाटून मऊ केलेलें अन्न, पांचव्या-सहाव्या आठवड्यांत मऊ शिजविलेलें अन्न, आणि त्यानंतर हळूहळू नेहमींचें, पण थोडें. ज्यांनीं आयुर्वेद चाळला आहे त्यांस येथें संसर्जनक्रमाची आठवण होईल. वमनविरेचनादि शोधनानंतर रोग्यास प्रथम पेया, मग विलेपी, मग यूष, अशा चढत्या क्रमानें अन्न द्यावें असें चरकाच्या सिद्धिस्थानांत सांगितलें आहे, आणि मंद झालेला विस्तव जसा गवताकाडीनें, गोवऱ्यांनीं हळूहळू वाढवावा तसा जठराग्नि वाढवावा, असा दृष्टांतही तेथें आहे. क्रमाचें तत्त्व दोन्हींकडे सारखें. परंतु पुस्तक उघडून कोणीं पेयाविलेपीच सुरू करूं नये. त्यांत मुख्य भर तांदळाचा, आणि या रुग्णाची मुख्य गरज प्रथिनांची असते.

पहिल्या दिवसांत साधें पाणी, गाळलेलें मुगाचें वा भाज्यांचें कढण, ताकाची निवळी, साखर न घातलेलें पातळ सरबत एवढेंच चालतें. मिरची-मसाला वर्ज्य. दुसऱ्या पायरीस साय काढलेलें दूध, पातळ ताक, गाळलेलें डाळीचें पाणी येतें. तिसऱ्या पायरीस वाटलेली मऊ मुगाची डाळ, घोटलेलें दही, कुस्करून पातळ केलेलें ताजें पनीर. चौथीस मऊ मुगाची खिचडी, उकडलेली दुधीभोपळ्याची भाजी. प्रत्येक घांस पुष्कळ वेळ चावावा, आणि जेवतांना पाणी पिऊं नये. जेवणाआधीं व नंतर अर्धा तास पाणी टाळावें.

प्रथिनांचेंही गणित एकदां करून पाहावें. अशा रुग्णास दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिनें लागतात. तीं न मिळाल्यास शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजवितें, अशक्तता येते, आणि शिवण भरून येण्यासही विलंब लागतो. शंभर मिलिलिटर दुधांत सव्वातीन ग्रॅमच्या सुमारास प्रथिनें असतात. म्हणजे नुसत्या दुधानें ६० ग्रॅम भरावयाचीं तर जवळजवळ १८०० मिलिलिटर दूध लागेल. वरणाच्या निवळीवर तर भिस्त ठेवूंच नये. डाळीचें सत्त्व भांड्याच्या तळाशीं राहतें व वाटींत बहुतांशीं पाणी येतें. शाकाहारी घरांत ही अडचण विशेष जाणवते. यास्तव आहारतज्ज्ञ दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची भुकटी दुधांत वा ताकांत मिसळून घ्यावयास सांगतात. "डब्यांतली पूड कशाला? घरचें सकस खाऊं दे" असें म्हणून ती बंद करणाऱ्या सासूबाईंस आम्ही हात जोडून सांगतों कीं, या काळांत ती पूडच सकस अन्न आहे.

आतां वर्ज्य पदार्थ. साखर, गूळ, मध, उसाचा रस, शिरा, लाडू, बर्फी हे नकोत. वळसा घालण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गोड पदार्थ एकदम आंतड्यांत उतरतो, आणि घाम, धडधड, पोटांत मुरडा, भोंवळ अशी अवस्था होते. आमच्या नागपूरकरांस एक गोष्ट कष्टानें सांगावी लागते : या दिवसांत संत्र्याचा रसही नको. तो आंबट, आणि गोडही. संत्र्याचा ऋतु पुढच्या वर्षीं पुन्हां येईलच. चहा-कॉफी वैद्याच्या परवानगीवांचून नको. उपासतापास अर्थातच बंद; साबुदाण्याची खिचडी तर दोन्हीं बाजूंनीं वाईट, तिनें प्रथिनें मिळत नाहींत व ती पोटांत चिकटून बसते. आजाऱ्यास उपासाची सूट असते, हें आपल्या धर्मशास्त्रासही संमत आहे.

औषधें व धोक्याचीं चिन्हें

मधुमेही रुग्णाच्या बाबतींत घरच्यांनीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. या शस्त्रक्रियेनंतर रक्तांतील साखर कित्येकदां वजन उतरण्याच्या आधींच, पहिल्या दिवसांतच उतरूं लागते. अशा वेळीं जुन्या संवयीनें इन्सुलिन वा पूर्वींच्या गोळ्या तितक्याच दिल्या, तर साखर फार खालीं जाऊन रुग्ण बेशुद्ध पडावयाचा. रक्तदाबाच्या गोळ्यांचेंही तसेंच. जुनी चिठ्ठी बाजूस ठेवून नवीन चिठ्ठीप्रमाणें चालावें व साखर घरीं वरचेवर तपासावी. अंगदुखीसाठीं घरांत पडलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या कोणींही देऊं नयेत. त्यांनीं जठरास व्रण पडतो. जीवनसत्त्वें, लोह, चुना यांच्या गोळ्या पुढें जन्मभर चालवाव्या लागतात. आणि शाकाहारी माणसानें ब-१२ या जीवनसत्त्वाची विशेष काळजी घ्यावी, कारण तें वनस्पतिज अन्नांत जवळजवळ नसतेंच.

धोक्याचीं चिन्हें घरांतील प्रत्येक जाणत्या माणसास पाठ असावींत. नाडी स्वस्थ पडलें असतांही मिनिटास १२० च्या वर चालणें. १०१ अंशांच्या वर ताप. पोटांतील दुखणें कमी होण्याऐवजीं वाढत जाणें. धाप लागणें किंवा छातींत दुखणें. एका पोटरीस सूज व वेदना. काळा शौच किंवा रक्ताची उलटी. आणि पाण्याचा घोटही न ठरणें. शंभरांत एखाद्या रुग्णाचें शिवण कोठें तरी पाझरतें, आणि तें ओळखण्याची पहिली खूण पुष्कळदां केवळ वेगानें चालणारी नाडी हीच असते. उलट्या कांहीं दिवस चालू राहिल्या तर ब-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर परिणाम होतो. यांपैकीं एकही चिन्ह दिसलें तर ओंवा, हिंग, सुंठ यांच्या मागें न लागतां, रात्रीचे दोन वाजले असले तरी शस्त्रवैद्यास कळवावें. दिवंगत अर्थमंत्री अरुण जेटली यांनीं २०१४ च्या सप्टेंबरांत दिल्लीस हीच शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्यानंतर प्रकृति बिघडल्यानें त्यांस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत ठेवावें लागलें होतें. सर्व साधनें हाताशीं असणाऱ्यांवरही अशी वेळ येते. म्हणून घाबरूं नये, पण गाफिलही राहूं नये.

मनाची अवस्था

देहाच्या या दुखण्याइतकेंच मनाचें दुखणेंही खरें असतें. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत पुष्कळ रुग्ण विनाकारण रडतात, चिडतात, "उगाच करून घेतलें" असें म्हणतात. ज्या माणसाच्या आनंदाच्या, दुःखाच्या, कंटाळ्याच्या प्रत्येक क्षणास खाण्याची सोबत होती, त्याची ती सोबत एका दिवसांत सुटलेली असते. पोटास भूक नसते, परंतु घरांत फोडणीचा वास सुटला म्हणजे मन भुकेलें होतें. त्याच्यासमोर बसून जिलबी खाणें हा निर्दयपणा होय. आणि त्यास स्वयंपाकघरापासून अस्पृश्यासारखें दूर ठेवणें हाही तितकाच. पंगतींत त्याचें पान मांडावें, त्याची लहान वाटी त्यापुढें ठेवावी, आणि गोष्टी कराव्या. केस गळूं लागले, तर तेंही सांगून ठेवावें कीं, वजन झपाट्यानें उतरल्यानें तिसऱ्या महिन्यापासून असें होतें व पुढें केस पुन्हां येतात.

रुग्ण घरची सून असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. पुरुष घरीं आला म्हणजे त्याच्या उशापायथ्याशीं माणसें बसतात. सून घरीं आली म्हणजे चार दिवसांनीं तिच्याकडे कणकेची परात येते. तिनें सर्वांस वाढावें, उरलेलें पाहून घ्यावें, आणि स्वतःचा पंधरा मिनिटांचा घोट मात्र विसरावा, असें होतें. पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, लहान मूल यांपैकीं कांहींही तिनें चार ते सहा आठवडे उचलूं नये. उचलल्यास छिद्रांच्या जागीं आंतडें बाहेर येण्याची भीति असते. तिच्या घड्याळाकडे लक्ष ठेवणारें एक माणूस घरांत नेमलेंच पाहिजे, आणि तो नवरा असावा हें उत्तम. मूल होण्याच्या वयाच्या स्त्रीनें पुढें वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असें वैद्य सांगतात, तेव्हां "आतां बारीक झालीस, गोड बातमी केव्हां?" हा प्रश्नही कोणीं विचारूं नये.

आग्रहास नवें वळण

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घरीं जें घडलें तें येथें सांगण्याजोगें आहे. शस्त्रक्रियेस सहा दिवस झाले होते. त्याची वृद्ध आत्या गांवाहून सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आली. प्रसादास नाहीं म्हणूं नये म्हणून त्यानें दोन चमचे शिरा खाल्ला. पुढचे दोन तास तो पोट धरून कळवळत होता. अखेर उलटी झाली तेव्हां त्यास आराम पडला. सुदैवानें शिवणास इजा झाली नाहीं. आत्याबाई बिचाऱ्या ओशाळून देवघरांत जाऊन बसल्या. कोणीं त्यांस टाकून बोललें नाहीं. विद्यार्थ्याच्या पत्नीनें मात्र त्यांच्याजवळ जाऊन शस्त्रक्रियेची सर्व हकीकत सांगितली, आणि लहान पेला व घड्याळ त्यांच्या हातीं देऊन म्हटलें, "आत्या, दर पंधरा मिनिटांस ह्यांना एवढेंच पाणी द्यायचें. हें काम तुमचें."

त्या दिवसापासून आत्याबाईंचा सारा आग्रह त्या पेल्याकडे वळला. "घे रे, एकच घोट," म्हणून त्या दिवसभर त्याच्या मागें असत. संध्याकाळीं त्यास अंगणांत दहा फेऱ्या मारावयास लावीत व फेऱ्या स्वतः मोजीत. गोळी घेतल्याशिवाय त्यास निजूं देत नसत. तीन आठवड्यांनीं वैद्यांनीं त्यास तपासलें तेव्हां पाणी, प्रथिनें व चालणें यांचा हिशेब त्या आत्याबाईंच्या वहींत तारीखवार लिहिलेला होता.

आमचें सांगणें इतकेंच आहे. एकत्र कुटुंबांत आग्रह करणारीं माणसें पुष्कळ असतात आणि तें आपलें भाग्य आहे. एकट्यानें राहणाऱ्या रुग्णास घोटाची आठवण करून देण्यास घड्याळाचा गजर लावावा लागतो. आपल्या घरांत आजी आहे, आत्या आहे, वहिनी आहे. त्यांस खरें काय तें सांगावें, पथ्याचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा, आणि प्रत्येकाकडे एकेक काम द्यावें : एकानें पाण्याचें घड्याळ सांभाळावें, एकानें चालावयास न्यावें, एकानें गोळ्या पाहाव्या, एकानें साखर व नाडी लिहून ठेवावी. देवाचा प्रसाद आला तर तो कपाळास लावून घरच्या मुलांस द्यावा. देव रागावणार नाहीं. आणि भेटीस येणाऱ्या मंडळींनीं रिकाम्या हातांनीं येण्याची लाज धरूं नये. फारच वाटलें तर एखादें चांगलें पुस्तक आणावें, अर्धा तास बसावें, आणि जातांना रुग्णास सोबत घेऊन फाटकापर्यंत चालत जावें.